‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द! इंग्रजी क्रियापदानंतर येणारा छोटा शब्द नेमकं काय करतो?

भाजे (ता. मावळ) : समजा, शनिवार-रविवारसाठी खोली बुक केलेल्या पाहुण्यांचा मेसेज आला, ‘वी हॅव टू पुट ऑफ अवर ट्रिप.’ वाचणाऱ्याला ‘ऑफ’ दिसलं आणि त्याने समजून घेतलं की बुकिंग गेलं. त्याने खोली दुसऱ्याला देऊन टाकली. पाहुण्यांनी मात्र ट्रिप रद्द केलीच नव्हती, फक्त पुढे ढकलली होती. रद्द करायची असती तर त्यांनी ‘कॉल ऑफ’ लिहिलं असतं. ‘ऑफ’ दोन्हीकडे तोच आहे, पण एका ठिकाणी गिऱ्हाईक टिकतं आणि दुसऱ्या ठिकाणी जातं.

भाजे, कार्ला, मळवली, पाटण, लोहगडवाडी या पट्ट्यात पाहुण्यांशी रोजचा संबंध. कोणी खोल्या देतं, कोणी रिक्षा चालवतं, कोणी लेणी आणि किल्ला दाखवतं, कोणी पायथ्याला भजी-चहा विकतं. पाहुण्यांपैकी काहींना मराठी येत नाही, काहींना हिंदीही जमत नाही. मग कामापुरती इंग्रजी बोलावी लागते. ‘गो’, ‘कम’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘टर्न’ ही क्रियापदं बहुतेकांना येतात. अडतं ते त्यांच्यानंतर येणाऱ्या ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’, ‘अवे’ या छोट्या शब्दांवर.

शाळेत शब्द शिकलो, तरी अडतं का?

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आला. त्यामुळे आजच्या तरुणांना शब्द माहीत असतात. पण पाठांतर एकेका शब्दाचं होतं. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ का? नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे. ‘लुक’ म्हणजे बघणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. पण कोणी ओरडून ‘लुक आउट!’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘बाहेर बघा’ असा नाही, ‘सांभाळा, धोका आहे’ असा आहे. गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसाने हा अर्थ उलटा घेतला तर डोकं बाहेर काढेल, आणि तीच चूक महागात पडेल.

या प्रकाराने मोठमोठे विद्वानही चक्रावले आहेत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं आहे की परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास अशाच जोड क्रियापदांचा होतो. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात आलं. म्हणजे नाव शंभर वर्षांचं, पण डोकेदुखी त्याहून बरीच जुनी. आपल्याला ते नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही. युक्ती तेवढी कळली की झालं.

ही युक्ती मराठीतही आहे

‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यात फरक आहे की नाही? ‘टाक’ म्हणजे फेकणे. पण ‘खाऊन टाक’ म्हणताना कोणी काही फेकत नाही, ताटातलं संपवायला सांगतात. इंग्रजीत यालाच ‘ईट अप’ म्हणतात. मराठीत ‘टाक’ जे काम करतो, ते तिथे ‘अप’ करतो.

अशा जोड्या लावून बघितल्या की गोष्ट सोपी होते. ‘सोडून दे’ म्हणजे ‘गिव्ह अप’. ‘लिहून घे’ म्हणजे ‘राइट डाउन’. ‘निघून जा’ म्हणजे ‘गो अवे’. ‘उठून बस’ म्हणजे ‘सिट अप’. ‘बोलत राहा’ म्हणजे ‘गो ऑन’. ‘गाडी बंद पडली’ म्हणजे ‘द कार ब्रोक डाउन’.

मराठी माणूस ‘टाक’, ‘दे’, ‘घे’, ‘बस’, ‘जा’, ‘पड’ ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला जोडतो आणि अर्थाला वळण देतो. इंग्रज माणूस तेच काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांच्याकडून करून घेतो. ‘खाऊन टाक’ मधल्या ‘टाक’चा अर्थ आपण वेगळा काढत नाही, अख्खं ‘खाऊन टाक’ एकदम समजतं. इंग्रजीतही तसंच करायचं. ‘पुट ऑफ’ हा एकच शब्द आहे असं धरायचं.

भाजे लेण्यांतच उदाहरण आहे

भाजे गावावरच्या डोंगरात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली २२ लेणी आहेत. मोठं चैत्यगृह प्रार्थनेचं, आणि भिक्खूंच्या राहण्याचे ते विहार. हा ‘विहार’ शब्दच बघा. मूळ संस्कृत धातू ‘हृ’, म्हणजे नेणे. त्याला ‘वि’ लागला की विहार. ‘आ’ लागला की आहार, म्हणजे जेवण. ‘प्र’ लागला की प्रहार, म्हणजे घाव. ‘सम्’ लागला की संहार, म्हणजे नाश. ‘उप’ लागला की उपहार, म्हणजे भेट. हॉटेलच्या पाटीवरचं ‘उपाहारगृह’ही त्यातलंच, तिथे ‘उप’ आणि ‘आ’ दोन्ही लागलेत.

धातू एकच, पण ‘विहार’ला जायचं की ‘प्रहार’ खायचा, हे दीड अक्षर ठरवतं. संस्कृतमध्ये हा छोटा भाग आधी लागतो, त्याला आपण उपसर्ग म्हणतो. जुन्या इंग्रजीतही असे उपसर्ग पुष्कळ होते. पुढे क्रियापदानंतर वेगळा शब्द ठेवायची पद्धत वाढत गेली. आजची इंग्रजी त्या पद्धतीवर चालते.

प्रत्येक छोट्या शब्दाचा साधारण कल

पाठांतर कमी करायचं असेल तर या शब्दांचा कल ओळखावा. तो दर वेळी लागू पडत नाही, पण अंदाज घ्यायला उपयोगी पडतो.

‘अप’ : वर जाणे, किंवा काम पूर्ण होणे. ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘क्लीन अप’ म्हणजे झाडून-पुसून लख्ख करणे.

‘डाउन’ : खाली येणे, कमी होणे, थांबणे. ‘स्लो डाउन’ म्हणजे वेग कमी करणे, ‘कम डाउन’ म्हणजे खाली येणे, ‘शट डाउन’ म्हणजे बंद करणे.

‘आउट’ : बाहेर पडणे, संपणे, उलगडा होणे. ‘चेक आउट’ म्हणजे खोली सोडणे, ‘रन आउट’ म्हणजे संपणे (क्रिकेटमधलं वेगळं!), ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे.

‘ऑफ’ : सुटणे, तुटणे, बंद होणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, ‘ड्रॉप ऑफ’ म्हणजे नेऊन सोडणे, ‘टर्न ऑफ’ म्हणजे बंद करणे.

‘ऑन’ : चालू होणे, चालू राहणे, धरून राहणे. ‘टर्न ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘होल्ड ऑन’. फोनवर ‘होल्ड ऑन’ म्हटलं तर ‘जरा थांबा’. खडकाळ वाटेवर म्हटलं तर ‘घट्ट धरा’.

‘बॅक’ : परत, मागे. ‘कॉल बॅक’ म्हणजे उलट फोन करणे, ‘पे बॅक’ म्हणजे पैसे परत करणे.

कल मोडणारी उदाहरणंही आहेत. ‘गो ऑफ’ बघा. लाइट ‘गो ऑफ’ झाली म्हणजे गेली. पण गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला! आणि दूध ‘गो ऑफ’ झालं म्हणजे नासलं. म्हणून पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय अर्थ पक्का करू नये.

हा शब्द वाक्यात ठेवायचा कुठे?

आता खरी मेख. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बाकी सगळं त्याच्या आधी. इंग्रजीत करणारा आधी, लगेच क्रियापद, आणि बाकीचं बरंचसं त्यानंतर. मराठी वाक्य घ्या : ‘मी तुम्हाला उद्या सकाळी मळवली स्टेशनला सोडतो.’ इंग्रजीत : ‘आय विल ड्रॉप यू ॲट मळवली स्टेशन टुमॉरो मॉर्निंग.’ मराठीत ‘सोडतो’ शेवटी, इंग्रजीत ‘ड्रॉप’ सुरुवातीलाच. मराठीत वेळ आधी आणि ठिकाण नंतर आलं. इंग्रजीत ठिकाण आधी, वेळ शेवटी.

‘कसं’ सांगणाऱ्या शब्दाचंही तेच. ‘ती इंग्रजी चांगलं बोलते’ याचं सरळ भाषांतर करताना ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ असं तोंडात येतं. बरोबर वाक्य ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असा शब्द घुसवू नये. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ असे शब्द मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात : ‘वी ऑलवेज सर्व्ह हॉट फूड.’

‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ या शब्दांना मात्र कर्माच्या अलीकडे किंवा पलीकडे, दोन्हीकडे बसायची मुभा आहे. त्यासाठी तीन नियम पुरतात.

पहिला नियम : कर्म नाव असेल तर दोन्ही चालतं. ‘टर्न ऑफ द पंप’ बरोबर, ‘टर्न द पंप ऑफ’ही बरोबर.

दुसरा नियम : नावाऐवजी ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘मी’, ‘अस’ असं सर्वनाम आलं, तर ते मध्येच बसणार. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. पाहुण्यांना आणायला जायचं असेल तर ‘आय विल पिक यू अप’ म्हणायचं, ‘पिक अप यू’ नाही.

तिसरा नियम : ‘फॉर’, ‘ॲट’, ‘आफ्टर’, ‘टू’ हे शब्द मध्ये कोणाला येऊ देत नाहीत. ‘वेट फॉर मी’, ‘लुक ॲट इट’, ‘लुक आफ्टर हर’, ‘लिसन टू मी’. लोकलमधून उतरायचं ‘गेट ऑफ’ही याच गटातलं : ‘गेट ऑफ द ट्रेन ॲट मळवली.’

काही ठिकाणी एकाला दोन छोटे शब्द लागतात. ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’ म्हणजे पाणी संपलंय. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणजे मी त्याची आतुरतेने वाट बघतोय. आणि ‘होल्ड ऑन टू द रूम’ असा मेसेज आला तर खोली दुसऱ्याला देऊ नका, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या नेहमीच्या चुका

‘ऑफ द लाइट’, ‘ऑन द फॅन’ : आपण मराठीत ‘लाइट ऑफ कर’ म्हणतो. त्यात क्रियापदाचं काम ‘कर’ करतो. इंग्रजी बोलताना ‘कर’ गळतो आणि नुसता ‘ऑफ’ उरतो. तिथे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतोच : ‘टर्न ऑफ द लाइट’.

‘वेट मी’ : मराठीतल्या ‘माझी वाट बघ’चं हे भाषांतर. ‘फॉर’ हवाच.

‘रिटर्न बॅक’ : इथे उलटी चूक. ‘रिटर्न’ मध्येच ‘परत’ आहे, ‘बॅक’ जास्तीचा झाला. तसंच ‘डिस्कस अबाउट’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही.

‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ : आपल्याकडे याचा अर्थ ‘गेल्या वर्षी पदवी मिळाली’. परदेशी पाहुण्याला ऐकू येतं ‘गेल्या वर्षी मी बेशुद्ध पडलो’. त्याऐवजी ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.

ऐकताना शब्द सापडत का नाहीत?

वाचताना कळतं, पण पाहुणा बोलला की कळत नाही, अशी तक्रार असते. त्याचं कारण उच्चारात आहे. हे शब्द बोलताना एकमेकांना चिकटतात. ‘टर्न इट ऑफ’ कानाला ‘टर्निटॉफ’ लागतं, ‘पिक इट अप’ ‘पिकिटप’ होतं. जोर बहुतेक वेळा शेवटच्या छोट्या शब्दावर असतो. म्हणून क्रियापद सुटलं तरी चालेल, शेवटचा जोर कुठे पडला तिकडे कान द्यावा. तरीही नाही कळलं, तर ‘प्लीज स्पीक स्लोली’ म्हणायला लाजू नये.

पावसाळ्यात दोन शब्द कामाचे

पावसाळ्यात भाजे धबधबा, लोहगड, विसापूर आणि लोणावळा परिसरात गर्दी उसळते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेचा भाषेशी संबंध नव्हता. पण पाणी वाढताना लांबलचक वाक्य जुळवायला वेळ नसतो, हे डोंगरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मराठी न समजणाऱ्या माणसाला सावध करायला दोन-तीन शब्द पुरतात.

‘स्टे बॅक’ म्हणजे मागेच राहा. ‘कम डाउन’ म्हणजे खाली या. ‘कीप अवे फ्रॉम द एज’ म्हणजे कड्यापासून लांब राहा. ‘गेट आउट ऑफ द वॉटर’ म्हणजे पाण्याबाहेर या. ‘वॉच आउट’ म्हणजे सांभाळा. आणि पाहुण्याला ‘कम बॅक’ म्हणायचं की ‘गो बॅक’, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. तो आपल्याकडे यायला हवा असेल तर ‘कम बॅक’. आपल्या दिशेलाच धोका असेल तर ‘गो बॅक’.

मोबाईल हेच पुस्तक

हे शब्द शोधायला लांब जायला नको. फोनच्या स्क्रीनवर ते रोज दिसतात. ‘साइन अप’ म्हणजे नवीन खातं उघडणे, ‘साइन इन’ म्हणजे आधीच्या खात्यात शिरणे. ‘लॉग आउट’ म्हणजे खात्यातून बाहेर पडणे. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर काम केलं की हे विसरू नये. ‘बॅक अप’ म्हणजे फोटो-नंबरांची दुसरी प्रत ठेवणे. ‘ऑप्ट आउट’ म्हणजे ‘मला ही सेवा नको’ असं कळवणे. ‘ऑप्ट इन’ नेमकं उलटं, म्हणजे ‘मला हवी’. पैसे कापणारी एखादी सेवा चालू करताना किंवा बंद करताना हे दोन शब्द नीट वाचूनच बोट लावावं.

यातले बरेच शब्द तर मराठीत आधीच मुरले आहेत. माल नेणारी ‘पिकअप’, खोलीचं ‘चेकआउट’, लग्नातला ‘मेकअप’, गाडीचा ‘ब्रेकडाउन’. मार्च २०२० पासून तर ‘लॉकडाउन’ आजीबाईंच्याही तोंडी बसला. एक फरक तेवढा लक्षात ठेवावा. नाव म्हणून वापरताना हे शब्द जोडून येतात, क्रिया सांगताना सुटे होतात. ‘चेकआउट सकाळी ११ वाजता’ यात तो एक शब्द. ‘वी विल चेक आउट ॲट इलेव्हन’ यात दोन.

रोज एक, वाक्यासकट

सवय लावायची तर सोपी रीत अशी. एखादा नवीन शब्द दिसला की क्रियापद एकटं लिहू नये. ‘पुट = ठेवणे’ असं न लिहिता ‘पुट ऑफ = पुढे ढकलणे’ असं लिहावं. त्याखाली आपल्या धंद्यातलं एक वाक्य लिहावं, आणि मग ‘इट’ किंवा ‘देम’ घालून तेच वाक्य पुन्हा म्हणावं. रिक्षावाल्याला ‘पिक अप’, ‘ड्रॉप ऑफ’, ‘गेट इन’, ‘गेट आउट’, ‘स्लो डाउन’ आधी लागतील. खोल्या देणाऱ्यांना ‘चेक इन’, ‘चेक आउट’, ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘रन आउट ऑफ’. शाळकरी मुलांनी हाच खेळ घरात खेळावा : मोठ्यांनी ‘खाऊन टाक’ म्हणावं, मुलांनी ‘ईट इट अप’ म्हणावं.

आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये शंका आलीच, तर अंदाज न लावता दोन ओळींत उलट विचारावं : ‘आर यू कमिंग लेटर, ऑर इज द ट्रिप कॅन्सल्ड?’ म्हणजे नंतर येणार आहात, की ट्रिप रद्द? उत्तर आल्यावरच खोली दुसऱ्याला द्यावी.